शिबिरातला बीपीचा आकडा

उच्च रक्तदाब बहुतेक वेळा काहीच त्रास देत नाही. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी नाही, असे समजून माणसे वर्षानुवर्षे तपासणी टाळतात आणि अनेकांना आजार कळतो तो पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका आल्यावर. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) पंधरा वर्षांवरील सुमारे २४ टक्के पुरुषांचा आणि २१ टक्के स्त्रियांचा रक्तदाब वाढलेला होता किंवा त्यांची त्यासाठी औषधे चालू होती. आशाताईंच्या नोंदी आणि उपकेंद्रातली तपासणी तिशीपासून सुरू होते ती यामुळेच.

शिबिरात घोटाळा होतो तो मोजताना. रांगेतून आलेला माणूस लगेच खुर्चीवर बसतो, बाहीवरूनच पट्टा गुंडाळला जातो, बोलणे चालूच राहते. मग आकडा हमखास चढा येतो. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे शांत बसणे गरजेचे असते. आधीचा अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री नको आणि लघवी तुंबलेली नको. पाठ टेकलेली, पावले जमिनीवर, दंड उघडा, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवलेला असावा. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा फुगतो. गर्दी कितीही असो, एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजायलाच हवे.

वरचा आकडा १४० किंवा खालचा ९० वा त्याहून जास्त आला, तर वेगळ्या दिवशी पुन्हा मोजून निदान पक्के केले जाते. खरी गळती इथे होते. चिठ्ठी खिशात राहते, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत कोणी पोहोचत नाही. पुढच्या तपासणीची तारीख आणि ठिकाण न सांगणारे शिबीर अपुरेच म्हणावे लागेल.

दिवसाला मीठ पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे एका छोट्या चमच्याहून कमी असावे. लोणचे, पापड, खारा मासा यांतले मीठही त्यातच धरायचे. रोजचे चालणे आणि तंबाखू सोडणे यांचाही उपयोग होतो. आकडा नॉर्मल आला म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. तो बहुधा गोळीमुळेच नॉर्मल असतो. रक्तदाब १८०/१२० च्या वर असून छातीत दुखत असेल, बोलणे अडखळत असेल किंवा एक बाजू लुळी पडली असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका ताबडतोब बोलवावी.