चिंचोक्यांचा हिशेब

(शब्बाथशाळा शिक्षकांसाठी पाठ)

शास्त्रभाग : नहेम्या 5:1-13
पूरक वाचन : लेवीय 25:35-37

शिक्षक बंधुभगिनींनो, पैशाविषयी आपण मुलांना बहुधा दोनच गोष्टी शिकवतो : काटकसर करा व उधळेपणा टाळा. आम्हीही वर्षानुवर्षे हेच शिकवीत आलो. शिकवण खरी आहे, पण अपुरी आहे. तीतून मुले असा अर्थ काढतात की, जो कर्जात बुडाला तो आळशीच असला पाहिजे. पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याची व कापसाची शेती पाहणाऱ्या मुलांना हे खरे वाटू नये, म्हणून पुढील खेळ घ्यावा.

खेळ : वर्गाची दोन घरे करा. प्रत्येकाला 150 चिंचोके द्या. एक चिंचोका म्हणजे शंभर रुपये. गारपिटीने दोघांचेही पीक गेले. दोघांनाही दहा हजारांचे, म्हणजे 100 चिंचोक्यांचे कर्ज हवे. पहिल्या घरी ऋणपुस्तिका स्वतःच्या नावाची आहे. त्याला बँकेचे पीककर्ज मिळते. दरवर्षी वेळेवर फेडून पुन्हा घेतले तर सवलतीने वर्षाला 4 टक्के पडतात. दुसरे घर विधवेचे. पतीच्या मागे जमिनीचे नामांतरण झालेले नाही. ती सावकाराकडे जाते; व्याज दरमहा शेकडा 3.

आता मुलांनी वर्षाचे व्याज स्वतः मोजून परत करावे. पहिल्याचे 4 चिंचोके, दुसरीचे 36. तीन वर्षांत 12 आणि 108. विधवेने मुद्दलाहून अधिक दिले, तरी मुद्दल उभेच! मग विचारा : हिने कोठे उधळपट्टी केली? चिठ्ठ्या बदलून खेळ पुन्हा घ्या. मात्र कोणाच्या खऱ्या घराचे नाव वर्गात निघू देऊ नका.

ही रीत नवी नाही. अमेरिकेत लिझी मॅगी या बाईंनी जमिनीच्या भाड्याने एकजण श्रीमंत व बाकीचे कंगाल कसे होतात हे दाखवण्यासाठी खेळ रचून 1904 साली त्याचे पेटंट घेतले. मुलांचा ‘व्यापार’ त्याच घराण्यातला.

आता शास्त्रभाग वाचा. दुष्काळात धान्यासाठी शेते गहाण पडली, राजाच्या करासाठी कर्ज काढावे लागले, लेकरे दास्यात गेली. नहेम्याने ओरड करणाऱ्यांना काटकसरीचा उपदेश केला नाही. त्याने सरदारांना सभेत उभे केले व शेते परत करावयास लावली. अकराव्या वचनातील शंभरावा हिस्सा पुष्कळ भाष्यकार दरमहाचा मानतात, म्हणजे शेकडा 1. आपल्याकडील शेकडा 3 त्याच्या तिप्पट आहे! आणि दहावे वचन पाहा : उसने देणाऱ्यांत नहेम्या स्वतःलाही धरतो.

चर्चेसाठी प्रश्न :
1. दोन्ही घरांत फरक मेहनतीचा होता की कागदाचा?
2. आपल्या मंडळीत व्याजाने पैसे देणारे कोणी आहेत काय? आपण स्वतः?

कृती : पांढुर्णा 2023 साली जिल्हा झाला, सौंसरही त्यातच आहे; कचेरी आता जवळ आली. मंडळीतील ज्या विधवांचे नामांतरण राहिले असेल, त्यांच्यासोबत तरुण संघातील दोघांनी तहसिलीत जावे, अर्ज लिहून द्यावा, आणि काम होईपर्यंत पुन्हा पुन्हा जावे. प्रार्थना आपण करतोच. तिच्या सोबतीला हे पाय हवेत.