मोठे होण्याच्या गोष्टी कशा वाचाव्यात?

वर्षाअखेर वाचनालयात पुस्तके परत येऊ लागली म्हणजे कोणते पुस्तक किती हातांतून गेले, हे त्याच्या पुठ्ठ्यावरूनच ओळखता येते. 'श्यामची आई'ची प्रत आम्हांस वरचेवर नव्याने बांधून घ्यावी लागते. परंतु पुष्कळ हातांतून गेलेले पुस्तक पुष्कळांनी मन लावून वाचलेच असेल, असे खात्रीने म्हणता येत नाही. म्हणून अशी पुस्तके वाचावीत कशी, ह्याविषयी विद्यार्थी मित्रांशी व त्यांच्या पालकांशी चार शब्द बोलावे, असे योजिले आहे.

बालपण ओलांडून माणूस मोठा कसा झाला, हे सांगणाऱ्या पुस्तकांचा एक निराळाच वर्ग आहे. त्यांत राक्षस नसतात, की गुप्त खजिनाही नसतो. घर, शाळा, एखादी चूक, एखादी लाज, एवढ्याच सामग्रीवर ती उभी असतात. आपणां नाशिककरांस अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, मराठीतील अशा दोन थोर पुस्तकांचा आपल्या परिसराशी निकटचा संबंध आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई'चा बहुतेक भाग फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिला. पुस्तक १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. श्रीमती लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ मध्ये नाशिकजवळच्या जलालपूर येथे झाला. त्यांची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली, आणि १९३६ मध्ये नाशिक येथेच त्यांनी देह ठेवला.

आता वाचण्याच्या रीतीकडे वळू. पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही की, अशा पुस्तकात माणूस एकच असला तरी त्याची वये दोन असतात. एक, ज्याच्यावर प्रसंग ओढवला ते मूल. दुसरा, ते सारे पुढे आठवून सांगणारा प्रौढ माणूस. पोहावयास जाण्याच्या भीतीने लपून बसणारा श्याम लहान आहे. आईने त्यास छडीने बाहेर काढून विहिरीकडे पिटाळले, तेव्हा त्यास आई निष्ठुर वाटते. परंतु आश्रमातील सोबत्यांस रात्री ही हकीकत सांगणारा श्याम मोठा आहे. आपल्या मुलास कोणी भित्रा म्हणू नये, म्हणून आईचा जीव किती तुटत होता, हे आता त्यास कळते. ह्या दोघांमधील अंतर म्हणजेच मोठे होणे. वाचकाने ते अंतर पानोपानी मोजीत जावे.

दुसरी गोष्ट लाजेची. वटसावित्रीच्या व्रतात आजारी आईच्या ऐवजी वडास प्रदक्षिणा घालण्यास श्याम लाजतो. सोबती हसतील, हे त्यास भय. इंग्लंडात १८६१ मध्ये पुस्तकरूपाने पूर्ण झालेल्या डिकन्सच्या 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ह्या कादंबरीतील पिप आपल्यावर जीव लावणाऱ्या जो लोहाराची लाज बाळगू लागतो. कोठे कोकणातील खेडे आणि कोठे इंग्लंडातील भट्टी! तरी आपल्या माणसांची लाज वाटण्याचे वय दोन्हींकडे सारखेच आहे. वाचताना मुलांनी स्वतःस विचारावे, अशी लाज आपणांस कधी, कोणाची वाटली?

तिसरी गोष्ट सांगणाऱ्याच्या आवाजाची. साने गुरुजी मागे वळून पाहतात ते सजल नेत्रांनी. लक्ष्मीबाई हसत पाहतात. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडापायी घर कसे जेरीस येई, हे त्या सांगतात; परंतु त्यांच्या शब्दांत कडवटपणा उतरत नाही. ज्या गोष्टीने लहानपणी रडविले, तीच पुढे हसून सांगता यावी, हेही मोठे होण्याचे एक लक्षण होय. उलट, मिलिंद बोकील ह्यांच्या २००४ मधील 'शाळा' कादंबरीत नववीतला मुकुंद आणीबाणीच्या काळातले आपले दिवस त्याच वयाच्या भाषेत सांगतो. तेथे समजावून सांगणारा प्रौढ कोणी नाही. ते काम वाचकासच करावे लागते. म्हणून ते पुस्तक वरकरणी सोपे, पण वाचण्यास अवघड आहे.

शेवटी आमच्या एका चुकीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही आठवीच्या वर्गात श्यामच्या पोहण्याची गोष्ट वाचून दाखविली आणि फळ्यावर तात्पर्य लिहून दिले: भित्रेपणा टाकावा. मुलांनी ते उतरून घेतले. मागल्या बाकावरील एका मुलाने मात्र विचारले, "सर, श्यामने आपली चूक सगळ्यांना सांगितली. आम्ही सांगितली तर?" मुले हसली, आम्हीही हसलो, तास संपला. महिनाभराने त्याचे वडील शाळेत आले. मुलाने नापासाचे प्रगतिपुस्तक लपविले होते व त्यावर वडिलांची सही स्वतःच केली होती. त्या गृहस्थांनी खिन्नपणे विचारले, "तो तुमच्याजवळ तरी काही बोलला होता का?" तो बोलला होता, आणि आम्ही हसलो होतो, हे आम्हांस त्यांना सांगावे लागले.

त्या दिवसापासून आम्ही तात्पर्य फळ्यावर लिहिणे सोडले. तात्पर्याने पुस्तक मिटते. प्रश्नाने ते उघडे राहते. श्यामने चूक कबूल केली हे खरे, पण ती ऐकून घेणारी आई त्यास लाभली होती, हेही तितकेच खरे. ती रागावे, प्रसंगी मारी. परंतु मागाहून जवळ घेऊन समजावीत असे. म्हणून पालकांस आमची विनंती अशी की, मुलांच्या हाती नुसते पुस्तक देऊन थांबू नये. रात्री जेवणानंतर एखादे प्रकरण घरात मोठ्याने वाचावे, आणि त्यानंतर आपल्या स्वतःच्या लहानपणीची एखादी चूक मुलांस सांगावी. आईबापही चुकत होते हे कळले, म्हणजे मुलांच्या तोंडचे कुलूप आपोआप निघते.

विद्यार्थ्यांनी सुटीत वरीलपैकी एक पुस्तक वाचून पुढील प्रश्नांची उत्तरे वहीत लिहावी. ती कोणास दाखविण्याची सक्ती नाही.

१. ह्या पुस्तकातील मुलास कोणत्या गोष्टीची लाज वाटली, आणि पुढे ती लाज कशी गेली?

२. त्यावेळी न कळलेली कोणती गोष्ट त्यास मोठेपणी कळली?

३. तुम्ही अजून कोणासही न सांगितलेली एखादी चूक आहे काय? ती सर्वांआधी कोणास सांगाल?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्यास सांगता येईल असे एक तरी माणूस प्रत्येक मुलास घरी वा शाळेत लाभो. शाळेत आमचे दार उघडे आहे. आता आम्ही हसणार नाही.