नाव तेच, रोल दुसरा

आग्फाचा एपीएक्स १०० पुन्हा मिळायला लागलाय हे कळल्यावर माझ्याकडे डार्करूमचं काम शिकायला येणाऱ्या एका मुलाने नवा रोल मागवला. तुलना करायची म्हणून मुदत उलटून गेलेला जुना एपीएक्सही चढ्या भावाने घेतला. दोन्ही घेऊन गडी अकोले तालुक्यातल्या रतनवाडीला गेला. अमृतेश्वराच्या देवळाचे दोन्ही रोलवर सारखे फोटो काढले आणि जुन्या तक्त्यातल्या वेळेने एकाच टँकमध्ये धुतले. जुना रोल सगळा करड्या फॉगने भरलेला. नव्यात आभाळ इतकं दाट की प्रिंटवर पांढरंफटक. "काका, जुन्या फिल्मचं लोक उगाच कौतुक करतात," असा निकाल त्याने लावला.

मी त्याला माझ्या जुन्या निगेटिव्हची पाकिटं काढून दिली. फ्रीजबाहेर वर्षानुवर्षं पडलेला रोल म्हणजे जुनी फिल्म नव्हे, तिचं म्हातारपण. त्याची संवेदनशीलता उतरलेली असते, फॉग चढलेला असतो. तुलना करायची तर त्या काळी ताज्या रोलवर काढलेल्या निगेटिव्हशी करावी, तीही एकाच कागदावर, एकाच ग्रेडवर प्रिंट काढून. तुमच्याकडे नसतील तर गावातल्या एखाद्या जुन्या स्टुडिओवाल्याकडे मागा. माळ्यावर पेटीभर पडलेल्या असतात.

मुळात हा नवा रोल जुन्याचा वारस नाहीच. आग्फाचा फिल्मचा धंदा २००४ मध्ये वेगळा काढला गेला आणि २००५ मध्ये त्या नव्या कंपनीचं दिवाळं वाजलं. उरलेला माल काही काळ 'रोलाय रेट्रो' नावाने विकला गेला. आज एपीएक्स नावाने मिळणारी फिल्म इंग्लंडात, इलफर्ड बनवणाऱ्या हारमनकडे तयार होते. ती केंटमियरचीच भाऊबंद, असं बहुतेक जाणकार मानतात. पूर्वी उलटं घडलं होतं. वोल्फेनचा कारखाना तोच राहिला आणि १९६४ मध्ये आग्फाचं नाव जाऊन ओर्वो आलं. आमच्या पिढीने ओर्वो वापरला, उटीचा इंदूही वापरला, आणि डबीपेक्षा आतल्या कागदावरची वेळ आधी वाचायची सवय लागली.

फुजीच्या अॅक्रॉसचं प्रकरण जरा बरं. २०१८ मध्ये बंद झाला, २०१९ मध्ये 'अॅक्रॉस टू' आला, आणि खोक्यावर 'मेड इन यूके' असं सरळ छापलेलं आहे. रात्रीच्या कामात जुन्याचा मोठा गुण असा की १२० सेकंदांपर्यंत एक्स्पोजर वाढवावं लागत नाही. फुजीच्या माहितीपत्रकात नव्यालाही हाच आकडा आहे. चांदबिबी महालावर चांदण्यात कॅमेरा लावणाऱ्याला हे पुरे.

आता चाचणीचं. आपल्याकडचं काळ्या पाषाणाचं देऊळ हीच उत्तम परीक्षा. सावलीतला कोरीव खांब आणि बाहेरचं ऊन एकाच फ्रेममध्ये घ्या. मोजणी खांबावर करा, पण काळा दगड मीटरला फसवतो, म्हणून त्याने सांगितलेल्यापेक्षा दोन स्टॉप कमी द्या. तीच फ्रेम रोलभर काढा. अंधारात रोलचे तीन तुकडे करा. एक नव्या रोलबरोबरच्या कागदावर दिलेल्या वेळेने धुवा, दुसरा त्याहून सुमारे १५ टक्के कमी, तिसरा तितकाच जास्त. खांबाची नक्षी जवळपास तिन्हींत सारखीच येईल, फरक उन्हात दिसेल. तिथे ज्या तुकड्यावर दगडाचा पोत प्रिंटमध्ये उतरतो, ती तुमची वेळ.

नगरच्या एप्रिलमध्ये गच्चीवरच्या टाकीचं पाणी २० अंशांवर कधीच नसतं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो. पिशवीत बांधून टँकभोवतीच्या पाण्यात सोडा. २४ अंशांवर धुवायचंच झालं तर वेळ कमी करावी लागते आणि ती पाच मिनिटांखाली गेली की डाग पडायला सुरुवात होते. अशा वेळी डेव्हलपर पातळ करून वेळ वाढवलेली बरी. फिक्सर आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या आसपास ठेवा.

नव्या एपीएक्सबद्दल माझं मत विचाराल तर रोल वाईट नाही. जुन्याच्या मधल्या करड्या छटा यात नाहीत, आणि अंधाऱ्या मंडपातून बाहेरचा उजेड टिपला की दाराची कड थोडी पसरते. पण पावसाळ्यात, भंडारदऱ्याच्या ढगाळ उजेडात, मी हाच भरतो.