प्रिंटर आणि संगणक यांचा व्यवहार

गिऱ्हाईक काउंटरवर उभे, बिल तयार आणि प्रिंटर गप्प! अशा वेळी अनेक दुकानदार बंधू थेट मेकॅनिकला बोलावतात व नाहक पैसे मोजतात. म्हणून या दोन यंत्रांचा आपसातला व्यवहार कसा चालतो, ते आम्ही येथे थोडक्यात सांगत आहोत.

आम्हा कापडवाल्यांच्या धंद्यात माल गेला की पोच यावी लागते. येथेही तसेच आहे. अमेरिकेच्या सेंट्रॉनिक्स कंपनीने १९७० साली आणलेल्या पद्धतीत आठ तारांवरून एका वेळी एक अक्षर जाई. एक तार "अक्षर ठेवले आहे" असा इशारा देई. प्रिंटर दुसऱ्या तारेवरून "थांबा, काम चालू आहे" असे कळवी आणि तिसऱ्या तारेवरून पोच देई. कागद संपल्याची खबर देणारी तारही वेगळी होती.

१९९६ साली यूएसबी आली. तिच्यात तारा कमी आहेत आणि माहिती एकामागून एक, ओळीने जाते. तरी पोच घेण्याची शिस्त तीच आहे. वायफायवर तार गेली, पण शिस्त गेली नाही.

छपाईपेक्षा माहिती लवकर येते. म्हणून प्रिंटरच्या पोटात बफर नावाचे छोटे गोदाम असते आणि संगणकात कामांची रांग लागते. प्रिंटर गप्प आहे म्हणून तीनदा बटण दाबले, तर तो सुरू होताच एकच बिल तीनदा निघते आणि हिशेबात घोळ होतो.

राहिला भाषेचा प्रश्न. प्रत्येक प्रिंटरची आज्ञा समजण्याची भाषा ठरलेली असते. ड्रायव्हर हा दोघांमधला दुभाषा आहे. तो चुकीचा असला की कागदावर अगम्य चिन्हे उमटतात. साध्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या पोटात मराठी किंवा उर्दू अक्षरे सहसा नसतात. संगणक त्यांचे चित्र करून पाठवतो. त्यामुळे इंग्रजी बिल झरझर निघते, मराठी सावकाश. हा बिघाड नव्हे.

तेव्हा बंधूंनो, आधी वीज व कागद पाहा, मग तार पाहा. यूएसबीची साधी तार पाच मीटरपेक्षा लांब नसावी. नंतर अडकलेली रांग रिकामी करा आणि ड्रायव्हर तपासा. एवढे करूनही प्रिंटर बोलला नाही, तरच मेकॅनिकला बोलवा.