नमस्कार, मी इंदापूरचा!

पहिल्या तासाला सर म्हणतात, "एकेकाने उठून ओळख करून द्या," आणि पोटात गोळा येतो. मग सगळे तेच सांगतात: नाव, गाव, टक्के, हॉबी क्रिकेट. तास संपला की कुणीच लक्षात राहत नाही.

मीही तसाच. गाव इंदापूर तालुक्यातलं, पण पुण्या-मुंबईची मुलं बघून "नियर पुणे" म्हणालो अन् खाली बसलो. शेजारच्याने विचारलं, "नियर म्हणजे किती?" "सव्वाशे किलोमीटर..." अख्खा बाक हसला!

मग खरं सांगितलं. उजनी धरण १९८० साली पूर्ण झालं, आजोबांचं घर त्याच पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ दिसतं. हिवाळ्यात भिगवणला फ्लेमिंगो येतात. तो म्हणाला, "मी बारामतीचा. १८८५ चा नीरा डावा कालवा आमच्याकडून तुमच्याच तालुक्यात जातो की!" दोस्ती तिथेच जमली.

म्हणून ओळख करून देताना एवढं लक्षात ठेवा:

१. नाव सावकाश सांगा.
२. गाव तालुक्यासकट सांगा, लपवू नका.
३. गावाची एक तरी अशी गोष्ट सांगा, की समोरच्याला पुढचा प्रश्न सुचेल.
४. इंग्रजी अडलं तर वाक्यं छोटी करा. टक्के राहू द्या, ते मार्कशीटवर असतातच.

आणि शेजारचा बोलत असेल तेव्हा नीट ऐका. आपली पाळी कधी येते, याच्या धास्तीत आपण नेमकं तेच विसरतो!