तुलनात्मक परिच्छेदाची बांधणी

पदव्युत्तर प्रबंधिकांत ‘तुलना’ या शीर्षकाखाली पुष्कळदा दोन स्वतंत्र परिचय शेजारी मांडलेले आढळतात. गाडगेबाबा (१८७६–१९५६) शेंडगावचे, तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यावलीचे. दोघेही अमरावती जिल्ह्यातील, दोघेही लोकशिक्षक. एवढ्याने माहिती मिळते. तुलना सिद्ध होत नाही.

तुलनेला प्रथम समान निकष हवा. ‘श्रोत्याशी असलेले नाते’ हा निकष घेतल्यास परिच्छेद असा उभा राहतो :

दोघांचाही श्रोता खेड्यातला आहे आणि अंधश्रद्धा, अस्वच्छता, व्यसन यांतून त्याची सुटका हेच दोघांचे उद्दिष्ट आहे. परंतु गाडगेबाबा कीर्तनात वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारून उत्तर श्रोत्यांकडूनच वदवून घेतात. तुकडोजी महाराज ‘ग्रामगीते’त (१९५५) ओवीबद्ध निरूपण करतात, तेथे श्रोत्याची शंका येते, पण समाधान कवी करतो. म्हणून पहिला श्रोता संवादातील भागीदार, तर दुसरा जिज्ञासू ठरतो.

येथे पहिले वाक्य साम्य सांगते, ‘परंतु’ भेदाकडे वळवते, ‘म्हणून’ निष्कर्षाप्रत नेते. जन्मगावे निकषाबाहेरची असल्याने गळाली.

तथापि हा परिच्छेदही तपासून घ्यावा लागतो. कीर्तन मौखिक आहे, ‘ग्रामगीता’ लिखित. तेव्हा दिसणारा भेद व्यक्तींचा की माध्यमांचा? महाराजांची खंजिरी भजनेही श्रोत्यांसमोरच होत. कीर्तनाशेजारी ती ठेवली, तर निष्कर्ष कदाचित बदलेल. सुबद्ध परिच्छेद अशी शंका लपवीत नाही. ती विचारण्याजोगी स्पष्ट करतो.