गच्चीवरचा मळा: डमडमच्या भाचीला कानमंत्र

पोरी, डमडमच्या घरात तुझ्या वाटणीला दहा बाय बारा फुटांची गच्ची आली आणि तू त्याच संध्याकाळी कुंड्यांचे भाव विचारत फिरलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. कुंड्या कुठे पळून जात नाहीत. एवढ्या जागेत बरीच भाजी होते, फक्त जागा फुटांत मोजायची तशी महिन्यांतही मोजायची. मी सांगते तसं एकेक कर.

१. चौकटीच्या वहीत गच्ची काढ, एक चौकट म्हणजे एक फूट. नळ, टाकी, पाणी जायची मोरी आणि उत्तर दिशा त्यात दाखव — कागदावरची कुंडी हलवायला कंबर लागत नाही.

२. सकाळी आठ, दुपारी बारा आणि चार वाजता सावली कुठवर येते ते खडूने आखून ठेव. आधी ऊन, मग माती, मग बी हाती — टोमॅटो, वांगी, मिरचीला सहा तास तरी ऊन हवं, पालक-कोथिंबीर चार तासांत भागवतात.

३. हे जरा नीट ऐक. कोलकाता साडेबावीस अक्षांशावर आहे, त्यामुळे जूनमध्ये दुपारचा सूर्य थेट डोक्यावर येतो आणि डिसेंबरात दक्षिणेकडे इतका कलतो, की तीन फुटी कठड्याची सावली भर बारा वाजतासुद्धा तीन फूट लांब पडते. दक्षिणेच्या कठड्याला टेकून खाली ठेवलेला फ्लॉवर सगळा हिवाळा त्या सावलीत काढेल आणि तू खताला दोष देत बसशील. तिथे विटांवर फळ्या टाकून कुंड्या उंच घे, नाहीतर ती पट्टी पुदिन्याला आणि अळूला देऊन टाक. वेलाचा मांडव आणि उंच काठ्या उत्तरेच्या कडेला — तिथून त्यांची सावली गच्चीबाहेर पडते.

४. ओली माती घनफुटाला ४५ ते ५० किलो भरते. ये-जा असलेल्या गच्चीसाठी आपल्याकडच्या मानकात वरचा भार धरतात चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला जेमतेम १४. फूटभर जाडीचा सलग वाफा त्याच्या तिपटीवर जातो, म्हणून जड पिशव्या तुळईच्या रेषेवर ठेव, मातीत कोकोपीट आणि पालापाचोळा मिसळ, आणि जुनं घर असेल तर आधी इंजिनिअरला दाखव — खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

५. पालेभाजीला ६ इंच माती पुरते, मिरची-वांग्याला १२, दुधी-पडवळाला १५ ते १८ — सगळ्यांना एकाच मापाची कुंडी दिली, की मातीही वाया आणि वजनही वाढतं.

६. हात पोचेल तेवढाच वाफा, डोळा जाईल तेवढीच भाजी. एकाच बाजूने हात पोचत असेल तर दोन फूट रुंद, दोन्हीकडून पोचत असेल तर चार. मधे दीड फुटाची वाट सोडायचीच — वाट वाचवलीस, तर मागची मिरची झाडावरच लाल होऊन सुकेल.

७. रोपं समोरासमोर लावू नकोस, दुसऱ्या ओळीचं रोप पहिल्या ओळीतल्या दोन रोपांच्या मधे येऊ दे — तेवढ्याच अंतरावर साधारण १५ टक्के जास्त रोपं बसतात.

८. आता महिन्यांचा हिशेब. दुर्गापूजेच्या तीन-चार आठवडे आधी फ्लॉवर-कोबीचं बी ट्रेमध्ये, पावसाच्या आडोशाला पेर. पूजा उरकली की रोपं वाफ्यात लाव. तोवर त्या जागेवर भेंडी उभी असते, तिला उगाच हलवायला नको. फ्लॉवर दीड फुटावर लावला की सुरुवातीला मधली जागा मोकळीच राहते. तिथे मेथी आणि मुळा पेर — मेथी महिन्याभरात निघते, मुळा दीड महिन्यात, आणि तोवर फ्लॉवरची पानं पसरायला लागतात. फेब्रुवारी सरता सरता तीच जागा लाल माठाला.

९. पावसाळ्यात पालक-कोथिंबिरीचा हट्ट धरू नकोस, कुजतात. मायाळू लाव, इथली पुई. नागेरबाजारातून जुडी आणलीस की पानं भाजीला आणि जाड देठाचे वीतभर तुकडे मातीला — देठाला सहज मुळं फुटतात, बियांचा खर्च नाही. मोरीजवळच्या ओल्या कोपऱ्यात कलमी शाक लाव.

१०. मांडव डोक्यापेक्षा वीतभरच उंच कर. दुधीची फुलं संध्याकाळी उमलतात आणि उंच घरांत भुंगे-पाखरं कमी फिरकतात, तेव्हा नराचं फूल मादीच्या फुलाला हातानेच लावावं लागतं — शिडी लागली, की रोज लावणं होत नाही.

११. मार्च ते मे कालबैसाखीचं वादळ येतं आणि बहुधा वायव्येकडून येतं. मांडवाच्या काठ्या कुंडीत न रोवता कठड्याच्या लोखंडी गजाला ज्यूटच्या सुतळीने बांध — कुंडी वाऱ्याने पडते आणि गल्लीत खाली मुलं खेळतात. हंगाम संपला की सुतळी वेलासकट खतात जाते.

१२. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्यातून एकदा रिकाम्या करून घासायच्या. त्यासाठी एक वार ठरव. वाहतं ते पावसाचं, साचतं ते डासांचं — डेंगूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्याचा पूर्ण होतो, आणि २०२३ साली दक्षिण डमडमने डेंगूची साथ फार सोसली आहे. पाण्याच्या पिंपाला जाळी आणि झाकण दोन्ही हवं.

१३. खताचा डबा झाकणाचा घे. विमानतळ उशाशी आहे आणि त्याच्या १० किलोमीटरच्या परिघात पक्षी गोळा होतील असा कचरा उघड्यावर टाकायला मनाई आहे — घारी-कावळ्यांनी विमानांना धोका होतो. मोहरीची पेंड भिजवलीस तर तीही झाकून, शेजाऱ्यांच्या खिडकीपासून लांब. घालताना दहापट पाणी मिसळ.

१४. एकदा सवड काढून धाप्याची शेती बघून ये. पूर्व कोलकात्याच्या पाणथळीला २००२ साली रामसर दर्जा मिळाला, तिचाच तो भाग. शहराच्या कचऱ्यावर केलेले भाजीचे पट्टे आणि शेजारी पाणी — खत आणि पाणी वाफ्याला चिकटून असलं, की किती श्रम वाचतात ते तिथे दिसतं. तुझाही खताचा डबा आणि पिंप वाफ्यांजवळच ठेव, मात्र तुळईच्या रेषेवर.

१५. गॅलिफ स्ट्रीटच्या रविवारच्या बाजारात जाताना आराखडा बरोबर ने आणि त्यात लिहिलंय तेवढंच आण. तुला ओळखते मी, पिवळी जास्वंद दिसली की पाय अडणार — घ्यायचीच तर जिन्याजवळ ठेव, वाफ्यात नको.

आराखडा झाला की फोटो पाठव, उत्तर दिशेचा बाण काढायला विसरू नकोस. पडवळाचं आणि लाल माठाचं बी मी बाजूला काढून ठेवलंय, पुढच्या खेपेला घेऊन जा.